किमतीसकट पाहिलेला सिनेमा

'एल मारियाची' मला कुणी नुसता सुचवला असं कधी झालंच नाही. सुचवणारा प्रत्येक जण आधी किंमत सांगायचा. सात हजार डॉलर्समध्ये केलेला मारधाडपट आहे, बघच. गोष्ट कसली, नट कोण, हे विचारलं तर सांगायचे. पण मुद्दा सोडून मी भलतंच काहीतरी विचारतोय अशा चेहऱ्याने. त्यामुळे सिनेमा सुरू व्हायच्या आधीच माझ्या डोक्यात एक आकडा जाऊन बसला आणि पहिल्या दृश्यापासून मी हिशेब मांडायला लागलो. हा तुरुंग खरा की उभा केलेला? या बंदुका कुणाच्या? एवढी माणसं पटापट मरतायत, त्यांना काही मिळालं असेल की नुसतं जेवण?

असं बघताना गोष्टीकडे लक्ष जायला वेळ लागतो. आणि गोष्ट तर खरं म्हणजे चटकन पकडणारी आहे. काळे कपडे घातलेला एक तरुण गवई गिटारची केस घेऊन मेक्सिकोतल्या एका सरहद्दीवरच्या गावात काम शोधायला येतो. त्याच वेळी असूल नावाचा गुंड तुरुंगातून निसटून त्याच गावात येतो. त्याचेही कपडे काळे, त्याच्याही हातात गिटारची केस. फक्त तिच्यात शस्त्रं. गावातल्या मादक द्रव्यांच्या धंद्याचा मालक मोको आपल्या माणसांना सांगतो, काळ्या कपड्यांतला, गिटारची केस घेतलेला माणूस दिसला की उडवा. पुढे काय होणार हे दहा वर्षांचं पोरही सांगेल. पण कसं होणार, हे बघायला आपण बसून राहतो. थरारपटाला एवढी शिदोरी पुरते. एक गैरसमज, एक छोटं गाव, आणि पळायला अरुंद रस्ते.

हा सिनेमा करताना दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिगेझ तेवीस वर्षांचा होता. टेक्सासमधल्या ऑस्टिनला शिकणारा, दहा भावंडांतला एक. पैशांसाठी तो एका औषधचाचणी केंद्रात जाऊन राहिला. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या नव्या औषधाचा प्रयोग त्याच्या अंगावर होत होता आणि तिथेच बसून तो पटकथा लिहीत होता. खलनायकही त्याला तिथेच मिळाला. मोको झालेला पीटर मार्क्वार्ट हा चाचणीतला त्याचा सोबती. त्याला स्पॅनिश येत नव्हतं. संवाद त्याने अर्थ न कळता घोकले. हे माहीत झाल्यावर मोकोचा तो थंड, कुणाकडेच नीट न बघणारा आविर्भाव मी पुन्हा पाहिला आणि मला हसू आलं. पण पडद्यावर तो चालून जातो. नुसता चालतच नाही, घाबरवतो. समोरच्याच्या शब्दांशी ज्याचं काही देणंघेणं नाही असा माणूस भीतीदायक वाटणारच.

१९९१च्या उन्हाळ्यात हे लोक सिउदाद आकुन्या या मेक्सिकन गावात गेले. नायकाचं काम करणारा कार्लोस गायार्दो तिथलाच आणि निर्मितीतही भागीदार. पटकथा लिहितानाच रॉड्रिगेझने आपल्याकडे फुकट काय काय आहे याची उजळणी केली होती. नातेवाइकांचा बार आहे, म्हणजे बारमधले प्रसंग आले. कुणाच्या तरी बसगाड्या आहेत, म्हणजे बसवरची मारामारी आली. कुत्रा आहे, म्हणजे कुत्रा आला. एक कासव हाताशी लागलं, तेही आलं. कारण कासव पाहिल्यावर लोकांना वाटेल, यांच्याकडे प्राणी सांभाळणारा माणूससुद्धा आहे! आपल्याला काय सांगायचंय तिथून सुरुवात न करता आपल्याकडे काय आहे तिथून सुरुवात करायची, हा उलटा व्यवहार अनेकांना कमीपणाचा वाटतो. मला तो फार सुदृढ वाटतो. निदान त्यात खोटा रुबाब नाही.

कासवाची ही हकिकत मला महत्त्वाची वाटते ती वेगळ्या कारणासाठी. ते कासव पैसे आहेत असं भासवण्यासाठी होतं. रॉड्रिगेझला हा सिनेमा स्पॅनिश भाषेतल्या घरगुती व्हिडिओच्या बाजारात विकायचा होता. असे दोन-तीन करायचे, त्यावर हात बसवायचा, कुणाच्या नजरेत न येता शिकायचं, असा त्याचा बेत होता. त्या बाजारात गिऱ्हाईक कॅसेटचं वेष्टन बघून घरी नेणार. त्याला खर्चाचा आकडा कोण सांगणार? आणि कळला असता तर त्याने ती कॅसेट तिथल्या तिथे परत ठेवली असती. म्हणजे या सिनेमातली प्रत्येक युक्ती खर्च लपवण्यासाठी केलेली आहे. आणि जगाने तो पाहिला तो नेमका खर्च सांगून.

सगळ्यांत देखणी युक्ती आवाजाची. कॅमेरा उसना, सोळा मिलिमीटरचा, आणि इतका घरघरणारा की चित्रीकरण चालू असताना आवाज टिपणं अशक्य. मग प्रसंग आधी मुका टिपायचा, कॅमेरा बंद करायचा आणि नटांच्या तोंडाशी माइक धरून तेच संवाद लगेच पुन्हा म्हणून घ्यायचे. नट हौशी होते, त्यामुळे दोन्ही वेळा बहुधा एकाच लयीत बोलायचे. पुढे संकलनाच्या टेबलावर रॉड्रिगेझ हे शब्द त्या ओठांना जोडत बसला. जिथे जुळले तिथे ठीक. जिथे ओठ आणि शब्द यांची फारकत व्हायला लागली तिथे तो तडक दुसरीकडे कापून जायचा. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर, हातावर, कुत्र्यावर. सिनेमाला जी धावती, श्वास लागल्यासारखी गती आहे, तिच्यातला मोठा वाटा या अडचणीचा. तेवीस वर्षांच्या पोराचा उत्साह म्हणून प्रेक्षकांनी जिचं कौतुक केलं, तिच्यामागे पुष्कळदा एक निसटलेला ओठ होता.

बंदुकांचंही तसंच. खऱ्या बंदुका तिथल्या पोलिसांकडून मागून आणलेल्या. त्यात खोटी काडतुसं भरली की एक बार निघायचा आणि बंदूक अडकायची. मग एक बार, कट. दुसऱ्या कोनातून एक बार, कट. आणि या सगळ्यावर मशीनगनचा सलग धडधडाट नंतर चढवायचा. गोळी लागून रक्त उसळतं ते निरोधांमध्ये लाल रंग भरून. ते बांधायला आधार म्हणून वजन उचलणारे लोक वापरतात तो कमरपट्टा. कॅमेरा फिरवायला रुळावरची ट्रॉली नाही, चाकांची खुर्ची. सहायक नाहीत, जो नट त्या क्षणी चौकटीत नाही तो मदतीला. आणि कच्ची फिल्म महाग, म्हणून शक्यतो एकाच टेकमध्ये भागवायचं. बोलताना कुणी अडखळलं तर तिथून पुढे दुसऱ्या कोनातून.

सिनेमातला एक प्रसंग मी सारखा आठवत असतो. नायक एका बारमध्ये काम मागायला जातो. मालक म्हणतो, मला एक गिटारवाला कशाला हवा, माझ्याकडे अख्खा बँड आहे. आणि बोलावतो कुणाला, तर इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेतलेल्या एका इसमाला. तो एकटाच बटणं दाबून सगळी वाद्यं वाजवतो, तेही पळत्या चित्रासारखं भराभर, भयंकर बेसूर. आपण नायकाच्या बाजूने असतो. एका माणसाने यंत्र घेऊन पंचवीस जणांचं काम हिसकावलं म्हणून आपल्याला त्या कीबोर्डवाल्याचा रागही येतो. आणि हा प्रसंग टिपणारा कोण? लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि आवाजाची जोडाजोड एकट्याने करणारा माणूस. हे त्याने जाणूनबुजून केलं असेल असं मला वाटत नाही. विनोद म्हणून घातलं असेल. पण या सिनेमावर मी जितक्या लोकांशी बोललो त्यांतल्या कुणालाही हा प्रसंग बजेटशी जोडावासा वाटला नाही. कासव आणि चाकांची खुर्ची मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

पुढची कहाणी प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यात. व्हिडिओच्या बाजारासाठी केलेली चीज हॉलिवूडमधल्या एका मोठ्या एजन्सीच्या माणसाच्या हाती पडली, आणि कोलंबिया पिक्चर्सने रॉड्रिगेझला करारबद्ध केलं. आधी विचार होता हीच गोष्ट नीट पैसे घालून पुन्हा करायचा. पण महोत्सवांतल्या प्रेक्षकांनी मूळ सिनेमाच उचलून धरला. १९९३च्या जानेवारीत सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला प्रेक्षकांच्या पसंतीचा पुरस्कार मिळाला. मग तोच चित्रगृहांत लागला आणि अमेरिकेत त्याने सुमारे २० लाख डॉलर्सचा गल्ला जमवला. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहासाठी त्याची निवड झाली.

यात एक मेख आहे आणि ती चाणाक्ष प्रेक्षकांनी तेव्हाच काढली होती. चित्रगृहात लोकांनी जे पाहिलं ते सात हजारांचं नव्हतंच. सोळा मिलिमीटरवरून पस्तीस मिलिमीटरची प्रत काढणं, आवाज नव्याने बसवणं, प्रती, जाहिरात, या सगळ्यावर स्टुडिओने मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसे ओतले. तेव्हा 'सात हजार' ही थाप आहे असं काही जण म्हणतात. मला हे म्हणणं अर्धवट वाटतं. आकडा खरा आहे, पण तो व्हिडिओवर जोडून तयार झालेल्या सिनेमाचा आहे. थाप असेल तर ती जाहिरातीत, जिथे तो आकडा चित्रगृहातल्या प्रतीला चिकटवला गेला. पण आकडा चिकटवला नसता तर स्पॅनिशमध्ये बोलणारा, ओळखीचा एकही चेहरा नसलेला हा सिनेमा बघायला अमेरिकन प्रेक्षक गेला असता का, हाही प्रश्न आहेच.

किंमत कळल्यावर प्रेक्षकाचं नक्की काय होतं, हे मी बरेच दिवस न्याहाळतोय. एकदम उदार होतो तो. एरवी संवादफेक जराशी हलली तरी नाक मुरडणारी माणसं इथे म्हणतात, अरे पण सात हजार! आपण जणू त्या पोराचे मामा-काका आहोत आणि तो परीक्षेला बसलाय. हे कौतुक गोड असतं, पण त्यात वरून खाली बघणं असतंच. 'बजेटच्या मानाने छान' या शाबासकीत सिनेमा छान आहे की नाही हे सांगितलेलंच नसतं. दुसरी जात याच्या उलट: यांना किंमत कळली की हे चुका शोधायला बसतात. ही सावली आधी डावीकडे होती, हा मेलेला माणूस श्वास घेतोय. आणि तिसरे, ज्यांना स्वतःला सिनेमा करायचाय. रॉड्रिगेझने आपली त्या काळातली रोजनिशी १९९५ मध्ये छापली, ती या मंडळींच्या उशाशी असते. ते सिनेमा बघतच नाहीत, उतरवून घेतात. त्यांच्याबद्दल मला आपुलकी आहे. पण त्यांच्याशेजारी बसून सिनेमा पाहू नये.

किमतीचा हा खेळ उघडउघड खेळणारा एक सिनेमा युगांडात झाला. 'हू किल्ड कॅप्टन अ‍ॅलेक्स?', २०१० सालचा. कंपालाच्या वकालिगा या गरीब वस्तीत आयझॅक नब्वाना याने तो केला. खर्च दोनशे डॉलर्सच्याही आत असल्याचं सांगितलं जातं. नब्वाना पूर्वी विटा पाडायचा. लहानपणी कित्येक सिनेमे त्याने थोरल्या भावाच्या तोंडून ऐकूनच 'पाहिले'. याच्या सिनेमातल्या बंदुका भंगारातून जोडलेल्या आहेत, हेलिकॉप्टर संगणकावर काढलेलं आहे आणि ते संगणकावर काढलेलं आहे हे लपवण्याचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. संगणकही सुटे भाग जमवून बनवलेला. पुढचा सिनेमा करायला जागा हवी म्हणून या सिनेमाची मूळ फाइल पुसून टाकली. राहिली ती डीव्हीडी. आणि कॅप्टन अ‍ॅलेक्सला कोणी मारलं? ते सिनेमा संपला तरी कळत नाही.

पण खरी गंमत आवाजाची आहे. युगांडात व्हिडिओ दाखवणाऱ्या छोट्या खोल्यांमध्ये परदेशी सिनेमे लागायचे, तेव्हा एक निवेदक सिनेमा चालू असतानाच तिथल्या लुगांडा भाषेत समजावून सांगायचा. त्याला व्हीजे म्हणतात, व्हिडिओ जोकर. अनुवाद करता करता तो फोडणी घालतो, पात्रांची टर उडवतो, प्रेक्षकांना चिथावतो. 'कॅप्टन अ‍ॅलेक्स'ची जगभर पसरलेली प्रत व्हीजे एमीच्या इंग्रजी निवेदनासह आहे. मारामारी सुरू झाली की तो ओरडतो, हेलिकॉप्टर आलं की प्रेक्षकाच्या आधी तोच चेकाळतो, गोष्ट रेंगाळली तर तोच आता मजा येणार बरं का म्हणून धीर देतो. चुका शोधायला बसलेल्या प्रेक्षकाची यात पुरती पंचाईत होते. तो ज्याला हसणार होता त्याला निवेदकाने आधीच हसून घेतलेलं असतं, तेही प्रेमाने. मग उरतं काय? सामील होणं.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसत होतो ते नक्की कशाला, हे मला नंतर सांगता येईना. नटांच्या हातवाऱ्यांना हसत होतो, की एमीच्या बोलण्याला? आंतरजालावर लाखो लोकांनी त्याची जाहिरातफीत पाहिली ती बहुतेक 'बघा किती वाईट' म्हणूनच. पण माणसं तेवढ्यावर थांबली नाहीत. २०१५ मध्ये नब्वानाच्या चमूने पुढच्या सिनेमासाठी लोकवर्गणी मागितली, १६० डॉलर्स. जमले तेरा हजारांहून जास्त. न्यूयॉर्कचा एक माणूस तर जाहिरातफीत पाहून थेट वकालिगाला गेला आणि तिथेच राहिला. त्यांच्या सिनेमांत गोरा माणूस लागला की तोच मार खायचा. खुद्द कंपालात नट आपल्याच सिनेमाच्या डीव्हीडी घेऊन दारोदार जायचे, नकली प्रती बाजारात यायच्या आत जेवढ्या खपतील तेवढ्या खपवायला. दारात उभा असलेला विक्रेता पडद्यावर मारामारी करताना दिसतो तेव्हा तिथला प्रेक्षक बजेटचा विचार करत असेल, हे मला खरं वाटत नाही. आपल्या गल्लीतल्या पोराने किती जणांना लोळवलं, हे तो मोजत असणार.

सगळेच कमी पैशांतले मारधाडपट किमतीचा बिल्ला लावून फिरत नाहीत. इंडोनेशियात झालेला 'द रेड' साधारण ११ लाख डॉलर्समध्ये झाला. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्सला आधी वेगळा, मोठा सिनेमा करायचा होता. पैसे उभे राहिले नाहीत म्हणून त्याने गोष्ट एका इमारतीत कोंडली. पोलिसांची तुकडी आत शिरते, गुंड वरच्या मजल्यावर, मधले मजले शत्रूंनी भरलेले. २०११ मध्ये टोरंटोच्या चित्रपट महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळांना येणाऱ्या प्रेक्षकांनी त्याला पहिली पसंती दिली. समीक्षक रॉजर ईबर्टने मात्र चारपैकी एकच तारा दिला आणि चाहते इतके खवळले की त्याला पुन्हा लिहून आपली बाजू मांडावी लागली. त्याचा आक्षेप होता की यात मारामारीपलीकडे माणसं नाहीत. मला तो बराचसा पटतो; तरी सिलात या युद्धकलेतली ती पायऱ्यांवरची आणि बोळांतली झुंज मी श्वास रोखून पाहिली. या भांडणात एकाही बाजूने पैशांचा विषय काढला नाही, हे मला आवडलं. त्यांनी दिग्दर्शकाला बरोबरीचा मानून भांडण केलं. वकालिगाच्या सिनेमाशी असं कुणी भांडत नाही. आणि 'मारियाची'शीही फारसं नाही, जरी भांडण्याजोगं त्यात पुष्कळ आहे. बार चालवणाऱ्या डॉमिनोचं मरण, उदाहरणार्थ. सिनेमातलं सगळ्यांत जिवंत पात्र ती. नायकावर पत्रं फोडायचा चाकू रोखून त्याला गायला लावणारी. तिला शेवटी गोळी घालून नायकाच्या दुःखाची सोय केली आहे. हे सात हजारांतही वेगळं लिहिता आलं असतं. कागदाला पैसे लागत नव्हते.

एका मैत्रिणीला मी मुद्दाम आधी दुसरा भाग दाखवला. १९९५चा 'डेस्पराडो', खर्च सुमारे ७० लाख डॉलर्स, नायक अँटोनियो बँडेरास. त्यात मागच्या गोष्टीची आठवण येते तेव्हा मोको तोच असतो, डॉमिनो तीच, फक्त गवई बदललेला. जुना गवई गायार्दो नायकाचा दोस्त म्हणून येतो, गिटारची केस बंदुकीसारखी चालवतो आणि मरतो. नंतर तिला मी आधीचा सिनेमा दाखवला, खर्चाबद्दल एक अक्षर न काढता. पहिली दहा-पंधरा मिनिटं ती चुळबुळत होती; रंग फिके, चेहरे अनोळखी. मग बसवरची पळापळ आली आणि तिने हातातला फोन उलटा करून ठेवला. संपल्यावर म्हणाली, तो बँडेरास देखणा आहे, पण त्याला काम नाही मिळालं तर त्याचं काय बिघडणार होतं? याला खरंच काम हवं होतं.